राजाच्या जागी लोहार

ग्लाफिरा पांक्रातोव्हना शुबिना ही बाई हेरगिरी करते असं कुणी तिच्या तोंडावर म्हटलं असतं, तर तिने हातातलं लाटणं उगारून त्याला जिन्यापर्यंत पोचवलं असतं. तिच्या लेखी ती स्वयंपाकीण. आता दर गुरुवारी दुपारी ती बरा कोट चढवून कोपऱ्यावरच्या बेकरीच्या मागच्या खोलीत जायची आणि तिथे बसलेल्या कॅप्टन बुर्त्सेव्हला सगळं सांगायची, हे खरं. आठवडाभरात घरच्या साहेबाने काय खाल्लं, काय ढोसलं, कोण भेटायला आलं, कशावरून कुरकुर केली. पण ते कामाच्या अटीतच होतं. भांडी घासायची, शर्ट उकळायचे, गुरुवारी सांगायचं. शिवाय कॅप्टन बिचारा काटकुळा, आई लांब सैबेरियात, म्हणून जाताना ती कोबीचं सारण भरलेले पाव फडक्यात बांधून न्यायची. तोही आधी खायचा आणि मग विचारायचा.

घरचा साहेब म्हणजे इंग्रज. लंडनच्या मोठ्या सरकारी कचेरीत बसून त्याने एकोणीस वर्षं तिथले कागद मॉस्कोला पोचवले होते. पगार त्यांचा, काम यांचं. अटकेची कुणकुण लागली तेव्हा एका हातबॅगेनिशी पळून आला. इथल्यांनी त्याला नदीकाठच्या नव्या इमारतीत दोन खोल्यांचं घर दिलं, एक पदक दिलं, गेनादी अंद्रेयेविच असं नावही दिलं. विश्वास तेवढा दिला नाही. बरोबरच आहे म्हणा. ज्याने जिवाभावाच्या मित्रांना इतकी वर्षं पत्ता लागू दिला नाही, तो आपल्याला काय लावू देणार, असा यांचा हिशेब. म्हणून टेलिफोनला कान, खाली दाराशी लिफ्टवाली फाइना, आणि घरात ग्लाशा. इमारतीत सगळे तिला ग्लाशाच म्हणत. साहेब तेवढा पूर्ण नाव घ्यायचा, तेही दर वेळी वेगळ्या ठिकाणी ठेचकाळत. ती त्याला नुसतं अंद्रेइच म्हणायची.

ग्लाशाच्या मते हा माणूस एक नंबरचा बावळट होता. दुधाच्या रांगेत उभा केला तर मागून येणाऱ्या प्रत्येक बाईला "आधी तुम्ही" म्हणायचा आणि शेवटी रिकामी बरणी हलवत घरी यायचा.

"दोन राज्यांना खेळवलं म्हणे याने," ती फाइनाला सांगायची. "याला तर आमची कोबीवाली खेळवते."

"दिसतो तसा नसेल गं," फाइना विणकाम न सोडता म्हणायची.

"अगं, सगळ्यांसारखा कोरा चहा प्यायचा सोडून त्यात दूध घालतो. असा माणूस काय कट करणार?"

पण तक्रार नव्हती तिची. स्वयंपाकघराला लागून तिला स्वतःची खोली होती. खोली कसली, कपाटाची मोठी बहीण, पण दाराला आतून कडी होती. लढाईनंतरची सगळी वर्षं ग्लाशा सात कुटुंबांच्या एका घरात पडद्याआड राहिली होती, शेजाऱ्याच्या खोकल्याने उठायची आणि त्याच्याच घोरण्याने जागी राहायची. आत येऊन कडी लावली की तिला कुणीतरी डोक्यावरून हात फिरवल्यासारखं वाटायचं. त्या खोलीत तिचा पलंग, गुलाबी लोकरीचं पांघरूण, आणि एका डबीत मात्वेईने दिलेलं चांदीचं नाणं.

मात्वेई तिचा नवरा. रेल्वेच्या कारखान्यात लोहार. लग्नाच्या वेळी अर्ध्या रुबलचं नाणं निघालं होतं, त्यावर ऐरणीवर घण घालणारा लोहार. ते त्याने तिच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "घे, सरकारने माझा फोटो छापलाय." लढाईत तो गेला. ना थडगं, ना टोपी. फोटो तेवढा तो एकच.

तर सत्तावन्न सालची गोष्ट. आकाशात आपला उपग्रह फिरत होता, त्यातल्या कुत्रीसाठी ग्लाशाने दोन दिवस डोळे पुसले होते, आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी साहेब कमरेला टॉवेल गुंडाळून तिच्या स्वयंपाकघरात शिरला.

"ग्लाफिरा पांक्रातोव्हना, आज पुडिंग ढवळायचा रविवार."

"आज कोबीच्या साराचा रविवार आहे, अंद्रेइच. व्हा बाजूला."

तो बाजूला झाला नाही. मनुका, बेदाणे, बैलाची चरबी, पावाचा चुरा, अंडी, संत्र्याच्या साली, सगळं त्याने कुठून कुठून जमवून ठेवलं होतं. गेले काही आठवडे हा रांगेत उभा राहून रिकाम्या हाताने कसा येत नव्हता, ते आता उमगलं. पातेल्यात सगळं ओतून त्याने वर कॉन्याक दारूची अर्धी बाटली उपडी केली. ग्लाशाने छातीवर क्रूस काढला, देवासाठी नव्हे, कॉन्याकसाठी.

"आता घरातल्या प्रत्येकाने एकदा ढवळायचं. डोळे मिटून, मनात एक इच्छा धरून. चमचा पूर्वेकडून पश्चिमेकडे."

"आणि उलटा फिरवला तर?"

"आमच्या घरची स्वयंपाकीण हातावर पळी मारायची."

घरात माणसं दोनच. त्याला ते फार कमी वाटलं म्हणून खालून फाइनाला बोलावलं. फाइनाने डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाली, "नवे लोकरी बूट मिळू देत." "मनात, मनात," साहेब कळवळला. ग्लाशाने काय मागितलं ते तिने कुणाला सांगितलं नाही. साहेबाने ढवळलं तेव्हा तो बराच वेळ डोळे मिटून उभा होता. चमचा थांबला तरी डोळे मिटलेलेच.

मग त्याने जुन्या जाकिटाच्या खिशातून एक बारकं चांदीचं नाणं काढलं. त्यावर त्यांच्या कुठल्या तरी राजाचं डोकं. पुसलं, आणि टाकलं पिठात.

"अहो, दात पडेल कुणाचा तरी."

"ज्याच्या ताटात येईल त्याचं वर्ष सुखाचं. चांदीचंच हवं मात्र. साध्या नाण्याला गुण नाही." इतकं हसताना तिने त्याला पाहिलं नव्हतं. "पळून येताना खिशात हे एकच राहिलं होतं. आता पंचवीस डिसेंबरला, आमच्या नाताळाला, पुडिंग पेटवायचं आणि खायचं."

जुन्या शर्टात बांधून तो गोळा दिवसभर उकळला. नंतर महिनाभर गारव्यात टांगायचा होता. टांगायला काय, निम्मं मॉस्को थंडीत आपल्या कोंबड्या जाळीच्या पिशवीत घालून खिडकीबाहेर टांगतं. ग्लाशाने पुडिंग पिशवीत घातलं आणि रस्त्याकडच्या खिडकीबाहेर कोंबडीशेजारी लटकवून दिलं.

गुरुवारी ती कॅप्टनकडे गेली ती तणतणतच. एवढ्या मनुका, एवढी कॉन्याक, आणि वर पिठात पैसे टाकले म्हणून. कॅप्टन पाव खात होता. नाण्यापाशी त्याचा घास थांबला.

"पूर्वेकडून पश्चिमेकडे ढवळलं?"

"त्यांच्यात तसंच म्हणे."

"आत नाणं. इंग्रजी. आणि ते गाठोडं रस्त्याच्या बाजूला टांगलं."

"ते मी टांगलं."

"टांगायला सांगितलं कुणी?"

"थंडीने."

"आणि पंचवीस तारखेला?"

"पेटवणार."

"पेटवणार," कॅप्टन हळूच म्हणाला आणि उरलेला पाव त्याने फडक्यावर परत ठेवला. कॅप्टनने पाव अर्धा टाकला असं आजवर झालं नव्हतं.

आपल्या तोंडाने काय घोळ घातला ते तिला सोमवारी कळलं. साहेब फिरायला गेला होता तेव्हा दोन माणसं आली, खिडकीबाहेरचं पुडिंग काढून चामडी पिशवीत घातलं आणि तिथे तसाच शर्ट गुंडाळलेला चिंध्यांचा गोळा टांगून गेली. कोंबडीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मग तीन आठवडे चिंध्यांचा गोळा वाऱ्यावर झुलत राहिला आणि साहेब रोज सकाळी खिडकीशी उभा राहून त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिला. "छान मुरतंय," तो म्हणायचा. कशाला बोलले मी, कशाला बोलले, असं करत ती कणीक बडवायची.

कॅप्टनने शेवटी सांगितलं. पुडिंगची छायाचित्रं काढली, आरपार किरण सोडले, चाळणीतून चाळलं, एकेक मनुका उघडून बघितली. नाणं करवतीने कापलं. आतून बाहेरून चांदी. कुठे काही नाही.

"मग झालं तर," ग्लाशा म्हणाली.

"झालं कुठलं. वरचे साहेब म्हणतात, काहीच सापडलं नाही म्हणजे फारच नीट लपवलंय." कॅप्टनने डोळे चोळले. तो स्वतः रात्रभर मनुका उघडत बसला असावा. "आता असं ठरलंय. पंचवीसला त्याच्यापुढे दुसरं पुडिंग ठेवायचं. त्याने ओळखलं नाही तर प्रश्नच मिटला, साधं खाणं होतं ते. पण बदललेलं ओळखलं, नाणं निरखून बघितलं, चेहरा उतरला, तर त्यात खूण होती आणि तो तिची वाट बघत होता. मग मॉस्कोत ठेवता यायचं नाही. व्होल्गाकाठी एक गाव आहे, परदेशी माणसाला आत जायची बंदी आणि आत गेलेल्याला बाहेर यायची. तिकडे."

"आणि मी?"

"तुम्हाला पूर्वीच्या घरी परत जावं लागेल, ग्लाफिरा पांक्रातोव्हना. पंचवीसच्या दुसऱ्या दिवशी गुरुवारच आहे. तुम्ही सांगाल त्यावर ठरेल."

ग्लाशा घरी आली, खोलीत गेली, कडी लावली. पडद्याआडचा तो खोकला तिला आत्तापासूनच ऐकू येऊ लागला. पण लाज बाजूला ठेवून सांगायचं तर तिला जास्त रडू आलं ते खोलीसाठी नव्हतंच. त्या गावात दुधाच्या रांगेत याला पुढे कोण ढकलणार, हे मनात येऊन आलं. कुत्रीला वर पाठवलं, याला तिकडे पाठवतील. जिवंत जिवाला लांब नेऊन सोडायची यांना हौसच आहे मेल्यांना, असं ती उशीत तोंड खुपसून म्हणाली. टेलिफोन बाहेरच्या खोलीत होता म्हणून बरं.

दुसरं पुडिंग तिने केलं. चिंध्यांचा गोळा पेटवला तर इमारत जळेल हे तिने कॅप्टनला पटवलं, तेव्हा त्याने ऑफिसच्या खास दुकानातून मनुका आणि कॉन्याक स्वतःच्या बॅगेतून आणून दिली. मनुका पहिल्यापेक्षा भारी होत्या. साहेब बाहेर गेला की ती उकळायला ठेवायची, तो आला की वर कोबीचं झाकण. चमचा तिने पूर्वेकडून पश्चिमेकडेच फिरवला. डोळे मिटून इच्छाही धरली, पहिलीच पुन्हा.

राहिलं नाणं. कॅप्टन म्हणाला होता, वीस कोपेकचं साधं नाणं टाका, काय फरक पडतो. पण चांदीचंच हवं, साध्याला गुण नाही, हे तिने स्वतःच्या कानाने ऐकलं होतं, आणि गुणाची गरज या घराला यंदा होती तेवढी कधीच नव्हती. तिने डबी उघडली. मात्वेईकडे बघितलं.

"जाऊन बस आत थोडा वेळ," ती म्हणाली. "पुन्हा काढीन."

काढायची युक्ती तिने करून ठेवली होती. नाणं कडेला खुपसलं आणि बरोबर त्याच्यावर एक मोठी पिवळी मनुका टोचली. ती बाजू आपल्या पुढ्यात येईल असं ताट ठेवायचं, आपला तुकडा आपण उचलायचा, नाणं तोंडातल्या तोंडात दाबायचं. साहेबाच्या नजरेला काही पडणारच नाही. खूश होती ती स्वतःवर.

पंचवीसला, बुधवारी, भर दुपारी साहेब टाय बांधून आला. त्याने 'प्रावदा' वर्तमानपत्राच्या पानांचे दोन कागदी मुकुट केले होते. एक त्याच्या डोक्यावर, एक तिच्या.

"हे घालायचं?"

"घालायचंच. नाहीतर खायला मिळत नाही."

ग्लाशाच्या कपाळावर पोलाद उत्पादनाचे आकडे आले. फाइनाला खाली ड्यूटी होती, तिचा वाटा झाकून ठेवला. ग्लाशाने पुडिंग आणून पिवळी मनुका आपल्याकडे करून नीट ठेवलं. साहेबाने पडदे ओढले, कॉन्याक ऊन केली, वर ओतली आणि काडी लावली. निळी ज्योत गोळ्यावरून सळसळत उतरली. ग्लाशा सगळं विसरून बघत राहिली. असलं सुंदर खाणं तिने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तेही स्वतः केलेलं.

आणि मग त्या शहाण्याने ते पेटतं ताट दोन्ही हातांनी उचललं, गाणं म्हणत टेबलाभोवती मिरवलं, एकदा, पुन्हा एकदा, आणि खाली ठेवलं ते उलट्या बाजूने. तशीच रीत होती त्यांची. पिवळी मनुका त्याच्या पुढ्यात. ग्लाशाने हात पुढे केला तोवर त्याने सुरी घातली होती.

"खट" असा आवाज झाला. साहेबाने तोंडातून नाणं काढलं, रुमालाने पुसलं, पडदा सारून उजेडाकडे धरलं. राजा नव्हता. ऐरण होती, घण होता, लोहार होता.

त्याचा चेहरा उतरला. वरच्या साहेबांनी सांगितला होता तसाच, हुबेहूब. त्याने खिडकीकडे बघितलं, पिशवीकडे, टेलिफोनकडे, आणि सगळ्यात शेवटी तिच्याकडे. बावळट कसला, एका दमात सगळं वाचलं त्याने. मग मुकुट डोक्यावर तसाच ठेवून तो उठला, टेलिफोनवर सोफ्यावरची उशी ठेवली, तिला खुणेने स्वयंपाकघरात नेलं आणि नळ पूर्ण सोडला.

"कापलं का त्यांनी माझ्या राजाला?" त्याने हळूच विचारलं.

ग्लाशाला बांध फुटला. पाण्याच्या आवाजाआड तिने सगळं ओकलं, बेकरीमागची खोली, दर गुरुवार, पाव, चाळलेल्या मनुका, करवत, व्होल्गाकाठचं गाव. "मी सांगितलं हो. पहिल्या दिवसापासून सांगतेय. तुमचं खाऊन तुमच्यावरच."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"गुरुवारी तुम्ही बरा कोट घालता. आणि बुधवारी कोबीचं सारण करता, पण मला कधी मिळत नाही." त्याला हसू फुटलं, मुकुट घसरून नाकावर आला, तो नळाला धरून हसत राहिला. मग थांबला. हातातलं नाणं उलटं-सुलटं करून बघितलं. "हे कुणाचं?"

"मात्वेईचं. माझ्या नवऱ्याचं. चांदीचंच हवं म्हणाला होतात ना तुम्ही."

साहेबाने ते पुन्हा एकदा रुमालाने पुसलं. पाणी वाहत होतं.

"मी मित्रांच्या टेबलावर जेवायचो आणि त्यांचंच सांगायचो," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं. त्यातल्या एकासाठीसुद्धा मी दुसरं पुडिंग केलं नाही."

त्याने नाणं तिच्यापुढे धरलं. ग्लाशाने त्याची मूठ मिटवली.

"ज्याच्या ताटात आलं त्याचं वर्ष. रीत ती रीत. तुम्हालाच त्याची गरज जास्त आहे, अंद्रेइच. पुढच्या वर्षी परत पिठात टाका, तेव्हा बघू कुणाकडे येतं ते."

गुरुवारी ती बरा कोट चढवून बेकरीमागच्या खोलीत गेली. फडक्यात पाव होते आणि पुडिंगचा एक तुकडा. आयुष्यात तिने कणकेच्या वजनाबद्दलसुद्धा कधी खोटं सांगितलं नव्हतं. पाय इतके लटपटत होते की कॅप्टनने तिला खुर्ची दिली.

"ओळखलं?" त्याने विचारलं.

"गोड जरा जास्त झालं म्हणाले. बाकी काही नाही. दोनदा घेतलं."

"नाणं निरखलं?"

"कशाला निरखतील? माझ्या ताटात आलं ते."

कॅप्टनने तिच्याकडे बघितलं. ग्लाशानेही त्याच्याकडे बघितलं. त्याने मोठा श्वास सोडला आणि पुडिंगचा तुकडा तोंडात टाकला. "बरं लागतंय की," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं. एवढ्या मनुका चाळल्या, प्रत्येक मनुका मनुकाच निघाली." मग त्याने पावही संपवले, सगळे.

घरी येईपर्यंत तिची पाठ घामाने भिजली होती, बाहेर उणे वीस असताना. साहेब दार उघडून उभाच होता. स्वयंपाकघरातला नळ त्याने आधीच सोडून ठेवला होता.

"झालं," ती स्टुलावर बसत म्हणाली. "इथेच राहायचंय तुम्ही. आपण दोघांनीही." मग कोटाची बटणं न काढताच तिने विचारलं, "अंद्रेइच, हे तुम्ही एकोणीस वर्षं केलंत? असंच? पाय नाही लटपटायचे?"

"लटपटायचे की. रोज."

"मग कसं निभावलंत?"

साहेबाने किटली शेगडीवर ठेवली. या घरात किटलीला हात लावायची त्याची ही पहिलीच वेळ होती, आणि ग्लाशाला उठायचं सुचलंही नाही.

"घरी येऊन कुणाला सांगता यायचं नाही," तो म्हणाला. "तेच अवघड होतं. तुम्ही सांगा. काय विचारलं त्याने आधी?"

त्याने चहा गाळला आणि तिच्या पेल्यात न विचारता दूध ओतलं. ग्लाशाने त्या गढूळ रंगाकडे एकदा बघितलं, पेला उचलला, आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागली.